दोघांची सही

संगितानं रजिस्टरात आपलं नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर वर्षाताईंच्या पुढ्यात सरकवलं.

"झाला. पोरीला हाक मार."

वर्षाताईंनी हाक मारली नाही. आश्रमशाळेतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. होळीच्या सुट्टीसाठी सकाळपासून पालक येत होते, सही नाहीतर अंगठा करत होते आणि आपापल्या पोरी घेऊन जात होते. आता दुपार कलली होती आणि रजिस्टरात एकच ओळ अर्धी राहिली होती. रुचिका, इयत्ता दुसरी. घरी आणि शाळेतही तिला सगळे चिमीच म्हणत. तिच्या नावापुढं आईची सही झाली होती, बापाचा रकाना रिकामा होता.

"संदीपची सही लागेल, संगिता."

"त्याची कशाला? होळी माझी हाय. दिवाळी त्याची, होळी माझी. कागदावर तसाच लिवलाय. तुझ्याकडं हाय ना कागद, वाचून बघ."

वर्षाताई समुद्रकाठच्या चिंचणीच्या. बदली होऊन डोंगराकडं आल्या तेव्हा पहिलं वर्षभर हे 'तू' त्यांना फार टोचलं होतं. मग लक्षात आलं, की ही माणसं तहसीलदारालाही तू म्हणतात आणि देवालाही. तिथं अधीक्षिका कुठल्या झाडाचा पाला! तेव्हापासून टोचायचं थांबलं.

त्यांनी कपाटातून कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "मुलीला शाळेतून नेताना आई आणि वडील दोघांच्याही सह्या झाल्याशिवाय अधीक्षिकेनं मुलगी कुणाच्याही ताब्यात देऊ नये. ही तुझीच अट ना?"

"माझीच. त्याचा काय भरवसा?"

"आणि ही पुढची. ज्याची पाळी नसेल त्यानं त्या दिवशी शाळेत पाय ठेवू नये."

"ती त्याची. दर टायमाला दारात भांडण नको, बोलला."

वर्षाताईंनी चष्मा काढला. संगिता त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या लक्षात येऊ लागलं. तिनं तोंडावर पदर धरून आधी हसून घेतलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

"मंजे तो आज यायचा नाय," ती सावकाश बोलली, "आनि तो आल्याबिगर तू पोर द्यायची नाय."

"हो."

"असा कसा लिवला आम्ही?"

कसं लिहिलं ते सांगायचं तर पौषातली गोष्ट सांगायला हवी. संगिता आणि संदीपची काडीमोड त्याच्याही आधी झाली होती, पाड्यावर, पंचांपुढं. दोन माणसांचं पटत नाही, सोडून द्या, एवढ्यापुरती पंचांची अक्कल नीट चालली. पोरीपाशी येऊन मात्र अडली. रिवाज म्हणतो, मूल जाणतं झालं की बापाच्या घरी. संगिता म्हणाली, रिवाज गेला खड्ड्यात. ती वाणगावला भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत पॅकिंगचं काम करायची, कधी दिवसाची पाळी तर कधी रात्रीची. संदीप गुजरातच्या बोटींवर खलाशी. घरी असतो त्याहून जास्त पाण्यावर. पोरगी म्हणून तर आश्रमशाळेत. त्यात आदल्या वर्षी संदीपनं एक उद्योग करून ठेवला होता. आइस्क्रीम खायला नेतो म्हणून पोरीला शाळेतून काढलं आणि थेट वेरावळ बंदरात नेऊन आपली बोट दाखवली. संगिता सगळा तालुका पालथा घालत, ऊर बडवत फिरली. चिमी परत आली ती शंखशिंपल्यांची पिशवी घेऊन, काळीकुळकुळीत आणि भलतीच खुशीत.

शेवटी कुणीतरी त्यांना डहाणूला पाठवलं. तिथं एका संस्थेच्या सल्ला केंद्रात एक वकीलबाई बसत. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि शांतपणे समजावलं. तुमची काडीमोड तुमच्या रिवाजानं झाली, तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. पण पोरगी दोघांची आहे आणि दोघांचीच राहणार. कोर्टात जायचं तर वाट मोकळी आहे, मात्र कोर्टाला वेळ लागेल आणि तोवर पोरगी मोठी होईल. त्यापेक्षा शाळा, सुट्ट्या, दुखणंखुपणं, सगळं आपसांत ठरवा आणि लिहून ठेवा. ते दोघांना पटलं. दिवाळी वाटली, होळी वाटली, मे महिना अर्धा अर्धा केला. ज्यांचं एका घरात पटलं नाही त्यांनी वर्ष कसं सारखं कापलं, हे बघून वकीलबाईंना बरंही वाटलं. मग अटी आल्या. एक तिनं घातली म्हणून एक त्यानं घातली. वकीलबाईंनी दोन्ही लिहिल्या, दोन्ही वाचून दाखवल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. रागाच्या भरात माणूस दुसऱ्याची वाट अडवायला कुंपण घालतो, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते बघत नाही.

कागदाची एक प्रत वर्षाताईंकडं आली. त्यांनीही ती वाचली होती. वाचून फाइलला लावली होती.

"कोन बघल आता?" संगितानं विचारलं. "तूच बघ ना मॅडम. मी आयस हाय तिची. तुला ठावं नाय काय?"

ठाऊक नव्हतं कसं? शेजारच्या पडवीत चिमी स्वयंपाकिणीपुढं, शुक्रीपुढं, मान ताठ करून बसली होती आणि शुक्री तिच्या केसांत तेल चोपडून लाल रिबिनी बांधत होती. आजीकडं होळीला काय काय असतं याची चिमीची यादी सकाळपासून चालू होती. होळीत पहिला आंबा वाहणार, मगच आंबा खायचा. मामा ढोल वाजवणार. रात्रभर जागायचं, कुणी ओरडणार नाही. शुक्री मधेच तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणत होती, "हालू नको, नायतर बोडकी पाठवीन." आणि चिमी हसून आणखी हलत होती.

वर्षाताईंना कळत होतं की हात पुढं करून दार उघडलं तर पोर आईच्या कुशीत जाईल आणि जगात कुणाचं काही बिघडणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका पोरीला त्यांनी तिच्या मामाबरोबर पाठवलं होतं. मामा खरा होता, पोरगी खुशीत गेली होती. तरी दुसऱ्या दिवशी बापाकडची माणसं फाटकाशी जमली आणि वर्षाताईंना नोटीस आली. तेव्हापासून त्यांनी दयेला रजिस्टराच्या बाहेर ठेवलं होतं. मुख्याध्यापक सकाळीच गावाला जाताना सांगून गेले होते, "त्या पोरीचं कागदाप्रमाणं करा बरं का, ताई." आता कागदाप्रमाणं काय करायचं ते त्यांनीच येऊन सांगावं, असं वर्षाताईंच्या मनात आलं. त्यांचा फोन लागत नव्हता.

त्यांनी डहाणूला वकीलबाईंना फोन केला. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "अहो, पण तो काही कोर्टाचा हुकूम नाही. त्या दोघांचं आपसांतलं ठरलेलं आहे. दोघं हो म्हणाले तर आत्ताच्या आत्ता बदलेल. संदीपला विचारा, आणि त्याला म्हणावं सरळ आत ये."

"आणि तो नाही सापडला तर?"

"तर मी काय सांगू, ताई? मुलगी आईबरोबर गेली तर माझी काहीच हरकत नाही. पण शाळेला काय चालतं ते मी इथून ठरवू शकत नाही."

वर्षाताईंनी फोन ठेवला आणि संगिताकडं पाहिलं. तिनं तोवर कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला होता. काडीमोड झाल्यापासून हा नंबर तिनं लावला नव्हता, पण पुसलाही नव्हता. बोट खोल पाण्यात असेल, लागायचा नाही, असं पुटपुटत तिनं बटण दाबलं. पहिल्याच घंटेला पलीकडून आवाज आला.

"हां."

संगिता दचकली. "कुठं हायस?"

"नाक्यावर."

"कुठल्या नाक्यावर?"

"तुझ्या समोरच्या. शाळेच्या."

होळीला या भागातला माणूस घरी येतोच. वीटभट्टीवर असो, वाडीत असो की बोटीवर, शेटला सांगून, न सांगून, भांडून येतो. संदीप पहाटे संजाणला गाडीतून उतरला होता आणि घरी न जाता इथं आला होता. सही लागणार हे त्याला आठवत होतं. सकाळपासून तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीत बसला होता आणि कुणीतरी बोलावील म्हणून वाट बघत होता.

"मंग मेल्या आत का नाय आला?" संगिता ओरडली.

"आत कसा येऊ? पाळी तुझी हाय."

वर्षाताईंनी फोन आपल्या हातात घेतला. "संदीप, मी मॅडम बोलतेय. वकीलबाईंशी बोलणं झालंय. तू ये, काही होत नाही. दोघांनी हो म्हटलं की झालं."

"नाय मॅडम."

"अरे, नाही काय?"

"धरतरीला थेंब सोडलाय मॅडम."

ते वर्षाताईंना कळलं नाही. संगितानं कपाळाला हात लावला आणि खाली फरशीवर बसली. डहाणूला कागद झाला त्या दिवशी दोघांकडचे पंच केंद्राबाहेर थांबले होते. नुसत्या शाईवर त्यांचा विश्वास नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी रस्त्याकडेच्या झाडाखाली दोघांना बसवलं, कागदातला एकेक शब्द तोंडानं म्हणायला लावला आणि दारूचा थेंब जमिनीवर सोडून धरतरीला साक्ष ठेवलं. असा दिलेला शब्द माणसाला आपलाआपण परत घेता येत नाही. त्याच पंचांनी पुन्हा बसून सोडवायचा. आणि पंच आज होळीची लाकडं तोडायला रानात, नाहीतर आधीच पिऊन आडवे.

"वकील बाय तिचा कागद बदलल," संदीप फोनवर सांगत होता. "तिचा कागद तिच्या हातात हाय. माझा शब्द माझ्या हातात नाय. मी पाय ठेवला आनि पोरीला काय झाला तर?"

"म्हणजे पोरगी आज इथंच राहू दे?"

पलीकडून फक्त टपरीतल्या रेडिओचा आवाज येत राहिला.

संगितानं फोन ओढून घेतला आणि त्याला जेवढं बोलता येईल तेवढं बोलली. आईबापावरून बोलली, बोटीवरून बोलली, वेरावळची आठवण काढली. "तवा पाय कसा पडला आत? तवा धरतरी झोपली होती काय?" संदीपनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तवा शब्द दिला नव्हता." अशा शब्दाला तीही तेवढीच भीत होती. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं रडायला लागली. तलासरीकडची शेवटची जीप थोड्या वेळानं सुटणार होती. ती गेली की तिच्या माहेरच्या पाड्यावर आज पोचायचं कसं?

रडणं ऐकून चिमी दारात आली. एक वेणी बांधलेली, दुसरीचे केस मोकळे.

"आये, जायचा ना?"

"जायचा, जायचा. जा, येनी घालून घे."

"बाबा आला काय? तू बाबाशी बोलत होतीस."

संगितानं डोळे पुसले. "आलाय. तिकडं नाक्यावर हाय. तू जा आत."

चिमी क्षणभर उभी राहिली आणि पळाली. पण शुक्रीकडं नाही, मुलींच्या झोपायच्या खोलीकडं, जिची खिडकी रस्त्यावर उघडत होती. शुक्री फणी घेऊन तिच्या मागं गेली.

वर्षाताई खुर्चीत बसून राहिल्या. आयुष्यात एवढ्या सरळ माणसांनी एवढं वाकडं काही करून ठेवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. एकीला पोरगी पळवतील ही भीती, एकाला भांडणाची भीती, त्यांना स्वतःला नोटिशीची भीती. सगळ्यांची भीती खरी, आणि त्या सगळ्या भीतींच्या मधोमध सात वर्षांची एक पोरगी तेल लावून बसलेली. त्यांना सगळ्यांचाच राग आला आणि त्यात स्वतःचा सगळ्यांत जास्त. सही अधीक्षिकेच्या समोर, कार्यालयात व्हायला हवी. रजिस्टर कार्यालयाबाहेर न्यायचं नाही. हेही नियमच होते, आणि त्या नोटिशीनंतर त्यांनी एकही मोडला नव्हता.

त्यांनी रजिस्टर उचललं, काखेत मारलं आणि चपला घातल्या.

"ऊठ," त्या संगिताला म्हणाल्या. "आणि त्याला फोन करून सांग, फाटकाच्या बाहेर ये म्हणावं. आत नको येऊस, बाहेर ये. बाहेर यायला तर धरतरीची ना नाही ना?"

फाटकाबाहेर रस्त्याला एक मोरी होती, बसायला दोन्ही बाजूंनी बुटका कठडा. संदीप तिथं येऊन उभा राहिला. खारवलेला, वाळलेला, एका हातात सुकटीची पिशवी, दुसऱ्या हातात पोरीसाठी साखरगाठींची माळ. फाटकाच्या लोखंडी पट्टीपासून तो चांगला वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढा, लांब थांबला होता. वर्षाताईंनी रजिस्टर कठड्यावर उघडून धरलं आणि बोटानं रकाना दाखवला. संदीपनं हातातलं सामान खाली ठेवलं, पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. त्याच्या उजव्या तळव्यावर आडवी जखम होती. पेन नीट धरता येत नव्हतं.

"झाला?" त्यानं विचारलं.

"झालं."

एवढं सोपं होतं, म्हणून तिघंही क्षणभर ओशाळल्यासारखी उभी राहिली. जीप नाक्यावर येऊन लागली होती आणि ड्रायव्हर टपावर लाकडं चढवत होता.

"घेऊन येते तिला," वर्षाताई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

फाटकातून आत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं. संगिता कठड्याच्या या टोकाला बसली होती, संदीप त्या टोकाला. मधे सुकटीची पिशवी. संगितानं काहीतरी विचारलं. त्यानं तळवा उघडून दाखवला.

"दोर?"

"हां. जाळा वढताना."

"हळद लाव. असाच ठेवशील, तर पिकल."

पुढचं वर्षाताईंना ऐकू आलं नाही.

झोपायच्या खोलीत खाटा ओळीनं रिकाम्या पडल्या होत्या. शेवटच्या खाटेवर, खिडकीशी, चिमी गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही वेण्या घालून झाल्या होत्या, पाठीला दप्तर अडकवलेलं होतं, पायांत चपलाही होत्या. शुक्री बहुधा स्वयंपाकघर बंद करायला गेली होती. चिमीनं दोन्ही हातांनी गज धरले होते आणि रस्त्याकडं बघत होती.

"चल बाळ. झाली बाबाची सही."

चिमी हलली नाही.

"चिमी, चल ना. गाडी जाईल. होळीला जायचं ना आजीकडं?"

"जायचा हाय."

"मग?"

चिमीनं मान वळवली नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"थोडा थांबू काय, मॅडम?"

"का गं?"

"मी गेली का ते उठतील."

वर्षाताई खिडकीपाशी गेल्या. मोरीच्या कठड्यावर ती दोघं अजून बसली होती. पिशवी आता खाली होती. संगिता बोलत होती, संदीप मान खाली घालून ऐकत होता आणि मधेच त्यानं बोटानं दुसऱ्या हाताचा तळवा चोळला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. भांडतही नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसानं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, नवराबायको गाडीची वाट बघतायत.

वर्षाताईंनी पोरीला उचलायला हात पुढं केला आणि तो तसाच मागं घेतला. काय सांगायचं होतं त्यांनी? की उठणारच आहेत ती दोघं, आज, उद्या, दर दिवाळीला नि दर होळीला, आणि त्यावर कुणाची सही चालत नाही? जीपवाल्यानं हॉर्न दिला. कठड्यावर संगिता अर्धी उठली आणि फाटकाकडं बघू लागली.

वर्षाताई बाहेर व्हरांड्यात आल्या.

"चप्पल सापडत नाहीये हिची!" त्या ओरडून म्हणाल्या. "बसा जरा!"

"लवकर बघ मॅडम, गाडी जाल!" संगितानं तिकडून ओरडून सांगितलं, आणि ती पुन्हा कठड्यावर बसली.

वर्षाताई आत आल्या, तेव्हा जीपवाला दुसऱ्यांदा हॉर्न देत होता. चिमीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि चपला घातलेले पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.